विश्वासाची पारख : कर्ज, पूर्ववृत्त आणि सरकारी चाकरी



सरकारी नोकरीसाठी निवड झाली, गुणानुक्रमे नाव लागले, वैद्यकीय तपासणीही पार पडली, म्हणजे सगळे झाले असे उमेदवाराला वाटते. पण त्यानंतर त्याच्या हाती 'साक्षांकन नमुना' नावाचा एक छापील कागद पडतो. नाव, गाव, आईबापांचे नाव, मागच्या काही वर्षांत कोठे कोठे राहिलात, कधी अटक झाली होती का, खटला चालला का, सुटलात की शिक्षा झाली, अशी त्यात प्रश्नांची रांग असते; आणि अगदी वर ठळक अक्षरांत इशारा असतो की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर तो अपात्र ठरेल. संरक्षण खाते, पोलीस, अणुशक्ती अशा नाजूक जागी हा कागद पुढे पोलिसांकडे आणि गुप्त वार्ता खात्याकडे जातो. माणूस हुशार आहे हे परीक्षेने ठरले. आता तो विश्वासाचा आहे की नाही, हे ठरवायचे असते.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. किल्ला कोणाच्या हाती द्यावा, खजिन्याची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, कैद्यावर पहारा कोणी करावा, हे प्रत्येक राज्यकर्त्याला ठरवावेच लागले. आमच्या वसईच्या आसपासच्या टापूत तर चारशे वर्षांत तीन वेगवेगळ्या राजवटी होऊन गेल्या आणि तिघींच्या पारख करण्याच्या तऱ्हा तीन. त्या तऱ्हांविषयी, आणि विशेषेकरून कर्ज व दडवलेले पूर्ववृत्त या दोन गोष्टींविषयी, आज थोडे बोलणार आहे.

पोर्तुगीजांपासून सुरुवात करू. गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या अंमलाखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. या मुलखात मुंबई बेटही आले. आज वसईला मुंबईचे उपनगर म्हणतात. त्या काळी गोष्ट उलट होती. त्याच साली गार्सिया द ऑर्टा नावाचा एक पोर्तुगीज वैद्य हिंदुस्थानात उतरला. मोठा विद्वान माणूस. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता, गोव्याच्या गव्हर्नरांशी त्याचा घरोबा होता, आणि १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. हिंदुस्थानातील वनौषधींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. आंबा, हिंग, अफू, पटकीचा रोग, असे कितीतरी विषय त्यात प्रत्यक्ष पाहून लिहिलेले आहेत.

या माणसाने एक गोष्ट जन्मभर झाकून ठेवली होती. त्याचे आईबाप स्पेनमधून १४९२ साली हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना बळाने बाप्तिस्मा देण्यात आला, आणि अशा घराण्यांना पुढे 'नवे ख्रिस्ती' हे नाव पडले. नाव नुसते नाव राहिले नाही. धर्मसंस्थांत, सरदारांच्या मानाच्या पंथांत, इन्क्विझिशनच्या चाकरीत प्रवेश हवा असेल तर 'रक्तशुद्धी'ची चौकशी व्हायची. आजा कोण, आजी कोणाची लेक, गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावून जबाब घ्यायचे. रक्तात ज्यू किंवा मूर मिसळल्याची नुसती कुजबुज निघाली तरी वाट बंद. आजच्या साक्षांकन नमुन्यात उमेदवाराने स्वतः काय केले हे विचारतात. तिथे त्याच्या पणज्याने काय केले हे विचारीत, आणि पणज्याचा तरी दोष एवढाच की तो अमुक घरात जन्मला.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले. ऑर्टा १५६८ साली वारला तो सन्मानाने. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याबद्दल गोव्यात जाळण्यात आले. आप्तांच्या जबाबांतून ऑर्टाचेही नाव बाहेर आले. आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून तीही जाळली. मेलेल्या माणसाचे पूर्ववृत्त तपासून त्याला शिक्षा केल्याचे याहून ठळक उदाहरण आपल्या किनाऱ्यावर नाही.

इन्क्विझिशनच्या चौकशीची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. दमणला १६७३ साली पकडलेला फ्रेंच वैद्य दलों याने सुटल्यावर आपली हकिकत लिहिली, आणि आपले प्रा. अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ च्या ग्रंथामुळे ती इकडच्या वाचकांना चांगली माहीत झाली. आरोप काय आहे ते कैद्याला सांगत नसत. तक्रार कोणी केली तेही सांगत नसत. "तुझे अपराध तूच आठव आणि तूच सांग," एवढेच. आता अशा ठिकाणी माणूस काय सांगणार? कमी सांगितले तर दडवले म्हणतील, जास्त सांगितले तर नवा अपराध कबूल केला असे होईल. ज्या सत्तेने रक्ताचा प्रश्न विचारला तिनेच लपवाछपवी जन्माला घातली, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना आणि नवा ख्रिस्ती हा भेद पोंबालने १७७३ साली कायद्याने मोडला. पण तोवर वसई पोर्तुगीजांच्या हातातून जाऊन चौतीस वर्षे झाली होती.

मराठ्यांची तऱ्हा निराळी होती. ग्रँट डफ लिहितो की शिवाजी महाराज पायदळात भरती करताना माणूस स्वतः पाहून घेत, आणि आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेतल्यावाचून नवा माणूस ठेवीत नसत. ही पद्धत मला मोठी शहाणपणाची वाटते. माणसाचे पूर्ववृत्त सरकारला दप्तरातून काय कळणार? ते त्याच्या गाववाल्याला, सोबत्याला ठाऊक. तो म्हणाला "हा माझ्या भरवशाचा", तर त्याची स्वतःची चाकरी त्या शब्दाला बांधलेली. आजकालच्या नमुन्यात दोन ओळखीच्या प्रतिष्ठित गृहस्थांची नावे मागतात. पण उद्या उमेदवार वाईट निघाला तर त्या गृहस्थांना कोणी काही विचारीत नाही. जामीन म्हणजे नुसती सही नव्हती.

आणि एवढ्यावरही महाराज थांबले नाहीत. सभासदाच्या बखरीत किल्ल्याच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. हवालदार, सबनीस, सरनोबत असे तीन अधिकारी, तिघेही तोलाचे, कारखानीस वेगळा, आणि ही माणसे निरनिराळ्या जातींतली. एकट्याने फितूर व्हावे म्हटले तरी किल्ला देता येऊ नये, अशी योजना. म्हणजे माणूस पारखून घ्यायचाच, पण पारख चुकली तरी राज्य बुडू नये अशी तजवीजही करून ठेवायची.

आता कर्जाकडे वळतो. कर्जबाजारी माणूस भरवशाचा नाही, हा नियम जर मराठी राज्यात कडकपणे लावला असता तर पहिला नापास कोण झाला असता? बाजीराव पेशवा! स्वाऱ्यांच्या खर्चापायी थोरला बाजीराव सावकारांच्या देण्यात गळ्यापर्यंत बुडालेला होता. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्याचे गुरू, आणि तेच त्याचे एक मोठे घेणेकरीही. सावकारांच्या तगाद्याने जीव कसा नकोसा झाला आहे, हे बाजीरावाने स्वामींना पत्रांतून लिहिले आहे. वसईची मोहीम चालली ती अशा स्थितीत. आणि मे १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी विजयाची सविस्तर बातमी कळवली तीही याच स्वामींना. गुरूला वंदन आणि सावकाराला खुशाली, दोन्ही एकाच लखोट्यात, असे कोणी गमतीने म्हटले तर फार चुकीचे होणार नाही.

मग कर्जाने बाजीराव विकला का गेला नाही? एक कारण असे की त्याचे कर्ज उघडे होते. छत्रपतींना ठाऊक, सावकारांना ठाऊक, शत्रूलासुद्धा ठाऊक. तेव्हा "तुझे देणे जगजाहीर करतो" अशी धमकी त्याला कोण देणार? दुसरे, ते राज्याच्या कामासाठी काढलेले होते, नाचरंगासाठी नव्हे. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

त्याच घराण्यातला दुसरा बाजीराव १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ यशवंतराव होळकराकडून पराभूत होऊन पळाला आणि कोकणातून फिरत अखेर वसईला इंग्रजांच्या आश्रयाला आला. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह सर्वांना माहीत आहे. तैनाती फौज आली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख गेला. पण या तहाचे अकरावे कलम फारसे कोणी वाचत नाही. पेशव्याच्या चाकरीत निरनिराळ्या देशांचे युरोपियन असत, फ्रेंचही असत. इंग्रजांना त्यांची धास्ती. तेव्हा असे ठरले की इंग्रजांचे एखाद्या युरोपियन राष्ट्राशी युद्ध जुंपले, आणि पेशव्याच्या चाकरीतल्या त्या राष्ट्राच्या माणसाने इंग्रजांविरुद्ध कारस्थान केल्याचे उघडकीस आले, तर पेशव्याने त्याला काढून टाकावे आणि आपल्या राज्यात राहू देऊ नये. नीट पाहिले तर अट बरीच समतोल आहे. नुसता फ्रेंच म्हणून काढा असे नव्हे. युद्ध हवे आणि कृत्यही हवे. कागदावर इंग्रज असा शहाणा होता.

प्रत्यक्षात तो कसा वागला, त्याची गोष्ट ठाण्याच्या किल्ल्यात घडली. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ च्या जुलैत पंढरपुरास खून झाला. संशय पेशव्याचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. हा त्रिंबकजी मूळचा साधा जासूद. निरोप पोचवता पोचवता कारभारी झालेला. एल्फिन्स्टनने दबाव आणून त्याला ताब्यात घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. आता पहाऱ्याचा प्रश्न. एतद्देशीय शिपाई फितूर होतील, म्हणून पहारा सगळा गोऱ्या सोजिरांचा. बंदोबस्त पक्का!

किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे घोड्याच्या चाकरीला एक मराठी मोतद्दार होता. तो धन्याचा घोडा फिरवायला काढी आणि त्रिंबकजीच्या खिडकीखालून येता-जाता मोठ्याने गाणी म्हणत असे. सोजिरांना वाटे, गडी मौजेत आहे. मराठीचे अक्षर त्यांना कळत नव्हते. बेत, वेळ, बाहेर कोण उभे आहे, सगळे त्या गाण्यांतून आत पोचत होते. १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला. पुढे १८१७ चा पुण्याचा तह आणि त्यानंतरचे युद्ध या प्रकरणाच्या पोटातूनच वाढले. त्रिंबकजी १८१८ साली पुन्हा सापडला आणि त्याला दूर चुनारच्या किल्ल्यात धाडले.

मोतद्दाराचे नाव ग्रँट डफने दिलेले नाही. मला वाटते, ते त्या किल्ल्यातही कोणी नीट विचारले नसावे. सगळी काळजी पहाऱ्याच्या कातडीच्या रंगाची घेतली. तबेल्यात कोण आहे, तो पूर्वी कोणाच्या चाकरीत होता, इकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पोर्तुगीजांनी रक्त पाहिले, इंग्रजांनी रंग पाहिला. शिवाजी महाराजांचा एखादा हवालदार असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारले असते, "तुझा जामीन कोण रे?"

हे झाले गरीब मोतद्दाराचे. आता एका बड्या साहेबाकडे येऊ. कारण कर्जाचा खरा धडा त्याच्याच चरित्रात आहे.

वसईच्या वाडीतली केळी, फुले, भाजी घेऊन मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या मागच्या पिढ्यांना क्रॉफर्ड हे नाव मार्केटामुळे ठाऊक होते. आज त्या मार्केटाला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव बसले आहे. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड १८६५ साली मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. माणूस विलक्षण कर्तबगार. गटारे, रस्ते, बाजार, सगळे धडाक्याने केले. हातही तितकाच सैल. म्युनिसिपालिटीचा खर्च इतका वाढला की १८७१ साली करदात्यांनी मोठा ओरडा केला. तरुण फेरोजशहा मेहतांनी त्या वेळी क्रॉफर्डच्या कामाची बाजू उचलून धरली होती हेही खरे. अखेर त्याला ती जागा सोडावी लागली.

सार्वजनिक पैशात जो सैल, तो घरच्या पैशात कसा असणार? क्रॉफर्डच्या उधळपट्टीचा आणि कर्जांचा बोभाटा होता. सरकारी वर्तुळात ते कोणाला माहीत नव्हते असे नाही. तरी तो चढत गेला, आणि मध्य भागाचा कमिशनर होऊन पुण्यास आला. कमिशनर म्हणजे लहान अधिकारी नव्हे. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या, बदल्या त्याच्या हातात. आणि मामलेदार म्हणजे त्या काळी तालुक्याचा राजाच. वसूलही त्याच्याकडे आणि फौजदारी न्यायही त्याच्याकडे.

बोलबाला सुरू झाला की साहेबाकडून काम हवे असेल तर हणमंतराव नावाच्या त्याच्या मध्यस्थाला भेटावे. बदली टळवायची आहे? भेटा. बढती हवी आहे? भेटा. रक्कम कधी 'कर्ज' म्हणून जाई, कधी नावही न घेता. १८८८ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशी हाती घेतली. साक्षी कोण देणार? पैसे देणारे मामलेदारच. पण लाच देणे हाही गुन्हा. तेव्हा सरकारने त्यांना अभय दिले: खरे सांगा, तुम्हांला काही होणार नाही. मामलेदारांनी सांगितले. क्रॉफर्डला निलंबित केले, तेव्हा हे साहेब वेष पालटून पुण्याहून निघून गेले आणि मुंबईत पकडले गेले. हणमंतरावावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली.

क्रॉफर्डसाठी मात्र खटला नव्हे, तर खास कमिशन नेमले. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन त्याचे अध्यक्ष. पुण्यात महिनोन्‌महिने काम चालले. गावात दुसरा विषय नव्हता. निकाल काय लागला? लाच घेतल्याचे आरोप कमिशनने शाबीत धरले नाहीत. पण आपल्या अधिकाराखालच्या मुलखातील लोकांकडून त्याने कर्जे घेतली, हे मात्र धरले. मुंबई सरकारला हा निकाल पटला नव्हता. विलायतेत भारतमंत्र्यांनी शेवटी क्रॉफर्डला नोकरीतून दूर केले ते या कर्जांवरून.

आता पाहा, हा केवढा अर्थपूर्ण निकाल आहे. मामलेदाराकडून पन्नास रुपये 'हातउसने' घेतले, ते परत केले नाहीत, आणि त्याची बदली झाली नाही. याला लाच म्हणावे की कर्ज? कायद्याला पुरावा लागतो. पण कर्ज घेतले हे तर उघड आहे ना! म्हणून अधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या मुलखात कर्ज घेऊ नये हा साधा नियम. हेतू शाबीत करण्याची गरजच उरत नाही. बाजीरावाचे कर्ज आणि क्रॉफर्डचे कर्ज यांतला फरकही इथेच दिसतो. एकाचे देणे चव्हाट्यावर होते आणि ते त्याने राज्याच्या कामासाठी काढले होते. दुसऱ्याचे देणे चोरवाटेने फेडले जात होते, आणि फेडणारे होते त्याच्याच हाताखालचे लोक.

मामलेदारांचे पुढे काय झाले हे सांगितल्यावाचून राहवत नाही. विलायतेत आणि अँग्लो-इंडियन पत्रांत ओरड सुरू झाली: लाच देऊन जागा मिळवल्याचे ज्यांनी स्वतः कबूल केले, ते न्यायासनावर बसतात कसे? प्रश्न खोटा नव्हता. पण सरकारने शब्द दिला होता. टिळकांनी नेमके या शब्दावर बोट ठेवले. १ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात सभा भरली. विलायतेत ब्रॅडलॉ आणि डिग्बी यांच्याकडे टिळकांनी प्रकरण पोचवले. अखेर त्याच साली हिंदुस्थान सरकारला मामलेदारांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला, आणि काहींना तरीही नोकरी गमवावी लागली. खरे सांगणाऱ्याचे काय होते याकडे पुढचा साक्षीदार डोळे लावून बसलेला असतो, हे टिळकांनी ओळखले होते. क्रॉफर्ड साहेब मायदेशी गेले, आठवणी लिहीत बसले, आणि १८९७ साली एक पुस्तक लिहून पुण्याच्या ब्राह्मणांनी साम्राज्याला कसा दगा दिला ते जगाला समजावून सांगू लागले! असो.

स्वतंत्र भारताच्या १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांत सोळावा आणि सतरावा नियम वाचताना मला नेहमी क्रॉफर्ड आठवतो. आपल्या अधिकारक्षेत्रातील किंवा ज्याच्याशी सरकारी संबंध येण्याचा संभव आहे अशा माणसाकडून कर्ज घेऊ नये, हा सोळाव्याचा गाभा. सरकारी नोकराने आपला संसार असा चालवावा की सवयीचे कर्जबाजारीपण किंवा दिवाळखोरी ओढवणार नाही, हे सतराव्यात. वसुलीसाठी त्याच्यावर दावा झाला तर त्याने ते वरिष्ठांना आपण होऊन कळवायचे असते. आणि त्यात एक माणुसकीची खिडकीही आहे: साधी दक्षता घेऊनही टळली नसती अशा कारणाने कर्ज झाले, उधळेपणाने किंवा व्यसनाने नव्हे, असे त्याने दाखवून दिले तर गोष्ट वेगळी. फक्त ते दाखवण्याचा भार त्याच्यावर.

अमेरिकेत गुप्त कागदपत्रे हाताळण्याचा परवाना देताना हीच चाळणी जास्त बारकाईने लावतात. तेथे तेरा कसोट्या आहेत. २०१७ पासून त्यांचा सध्याचा मसुदा लागू आहे. त्यांत आर्थिक स्थिती ही एक आणि वैयक्तिक वर्तन ही आणखी एक. आजारपण, घटस्फोट, नोकरी जाणे यांमुळे कर्ज झाले आणि माणूस प्रामाणिकपणे फेडतो आहे, तर ते पोटात घालता येते. पण कर्ज प्रश्नावलीत दडवले, तर प्रकरण दुसऱ्या कसोटीखाली जाते आणि अधिक अवघड होते. कर्ज परिस्थितीने येऊ शकते. लपवणे मात्र आपणच करतो. त्यांच्या गुप्तहेर खात्यातला एम्स हा अधिकारी १९८५ साली कर्जात होता, म्हणून त्याने रशियनांना माहिती विकायला सुरुवात केली. पुढे त्याने रोख पैशांनी घर घेतले, महागडी मोटार घेतली, तरी १९९४ पर्यंत तो पकडला गेला नाही. कर्ज झाले की विचारतात. कर्ज एकाएकी नाहीसे झाले तर कोणी विचारीत नाही!

आपल्या न्यायालयांपुढे बहुतेक खटले आले ते दडवलेल्या पूर्ववृत्ताचे. २०११ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांच्या भरतीतील एका तरुणाची बाजू घेताना व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली. पाव चोरल्यामुळे जन्मभर चोर ठरलेला तो. काही निकाल याच्या उलट कडक होते. अखेर २०१६ साली तीन न्यायमूर्तींनी सारे निकाल एकत्र पाहून दिशा ठरवून दिली. माहिती खरीच दिली पाहिजे, दडवणे चालणार नाही, हे पहिले. पण दडवलेली गोष्ट क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ लहान वयात घोषणा दिल्याचा गुन्हा, आणि ती सांगितली असती तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर मालकाने ती सोडून देता येते. क्षुल्लक स्वरूपाचा खटला चालू असल्याचे त्याने खरेपणाने लिहिले, तर सर्व परिस्थिती पाहून नेमणूक करता येते. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की जे नमुन्यात नेमके विचारलेले आहे तेवढेच सांगण्याचे बंधन आहे. संदिग्ध प्रश्न विचारून मग "दडवलेस" म्हणता येत नाही. दलोंच्या न्यायाधीशांना कोणी हे सांगायला हवे होते.

वसई-विरारच्या पट्ट्यात दरवर्षी कितीतरी मुले भरतीचे कागद भरतात. शिक्षक म्हणून आमच्यापर्यंत ती येतात ती दोनच शंका घेऊन. "सर, मोर्चात पोलिसांनी नाव लिहून घेतलं होतं, ते लिहायचं का?" आणि "सर, घराचे हप्ते थकलेत वडिलांचे, त्याचं काही होईल का?" पहिल्याला मी सांगतो, आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचार, गुन्हा नोंदला आहे की नुसते नाव टिपले आहे, दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गुन्हा नोंदला असेल आणि नमुन्यात तसा प्रश्न असेल, तर सुटका झाली असली तरी लिही, आणि निकालाची प्रत जोड. कागद नसताना "सर, मिटलं ते" हे शब्द वरच्या कचेरीत चालत नाहीत.

दुसऱ्याला उत्तर देणे अलीकडे जरा अवघड झाले आहे. वडिलांच्या कर्जाबद्दल साक्षांकन नमुना विचारीत नाही. पण बँकांच्या लिपिक भरतीच्या जाहिरातींत गेल्या काही वर्षांपासून उमेदवाराची स्वतःची पतनोंद, म्हणजे लोक ज्याला सिबिल म्हणतात ती, चांगली असावी अशी अट येऊ लागली आहे. बापाच्या कर्जाला मुलगा सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही करून बसलेला असतो, आणि आपल्या नावावर काही आहे याचा त्याला पत्ताही नसतो. पूर्वी जामीन राहणाऱ्याची पत चाकरी मिळवून देत असे. आता जामीन राहिल्याने जाण्याचा संभव! रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला आपला पतअहवाल वर्षातून एकदा फुकट पाहता येतो, आणि त्यात चूक असेल तर दुरुस्ती मागता येते. अर्ज भरण्याच्या आधी, निदान दोन-तीन महिने, तो मागवून बघावा. थकलेला हप्ता खरा असेल तर बँकेशी बोलून फेडीचा लेखी करार करावा आणि त्याची प्रत फाइलीत ठेवावी.